निळ्या पट्ट्याची मालकीण

आकाशातून आपल्या शेताकडे कुणीतरी टक लावून बघणार, हे ऐकून मोठीच्या कपाळाला आधी आठी पडली होती. पण तोच डोळा धाकटीच्याही शेताकडे बघणार आहे, हे कळल्यावर तिला एवढं शहाणं यंत्र जगात दुसरं नाही असं वाटायला लागलं.

मोठी आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे एकामागोमाग एक गेले आणि जाताना जमीन मुलांच्या नावावर आणि भांडण बायकांच्या नावावर करून गेले. शेताला शेत लागून, मध्ये बांध, आणि पाणी एकाच चारीचं. ही चारी तलावातून निघते तेव्हा अंगानं भरलेली असते, पण वाटेतल्या सगळ्यांची शेतं भिजवत या दोघींपर्यंत येते तेव्हा वरातीतल्या शेवटच्या म्हाताऱ्यासारखी, रेंगाळत आणि दमून.

मोठीची लिंबोणीची बाग होती. तिनं ती डोक्यावर हंडे वाहून जगवली होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही असा माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता. बागेत एकच खोट होती. बांधाकडची झाडं कायम आजारी. पानं वळलेली, लिंबं सदऱ्याच्या गुंड्यांएवढी. याचं कारण मोठीला ठाऊक होतं. तिला सगळ्याचं कारण ठाऊक असायचं.

"चोरते," ती म्हणायची. "बांधाखालून पाणी ओढते. तोंडावरून गरीब गाय, पण गायच रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरते."

तिकडे धाकटीच्याही बांधाकडच्या भाज्या सुकलेल्या असायच्या, आणि ती हेच वाक्य मोठीबद्दल म्हणायची. गायीऐवजी म्हैस घालून.

दोघींच्या मध्ये, मोठीच्या हद्दीत, निलगिरीच्या झाडांची सरळ रांग उभी होती. गाव तिला मोठीची भिंत म्हणायचं. तिचीही एक हकीकत आहे. वाटण्या झाल्या त्या वेळी जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर धाकटी सहज बोलून गेली होती, "आमच्या जाऊबाईंच्या हाताला चव राहिली नाही. सगळी जिभेत उतरली." पाहुणे हसले. पाहुण्यांनी हसावं आणि मोठीनं ते विसरावं, असं कधी झालं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धाकटीचं अंगण दिसायचं. मोठीनं पुढच्याच आठवड्यात निलगिरीची रोपं आणून खिडकीसमोर बांधभर लावली. निलगिरीच का, तर ती पटकन वाढते. मोठीला राग गार व्हायच्या आत झाडं हवी होती. ती वाढली, खिडकी झाकली गेली, आणि त्यानंतर मोठीनं भाकऱ्या थापताना धाकटीचं तोंड पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला. पाणी सोसायटीनं जाहीर केलं की, प्रत्येक चारीच्या टोकाला पाण्याची एकच जादा पाळी मिळेल, आणि तीही एकाच शेताला. कुणाला, ते आकाशातला उपग्रह ठरवेल. बागेत तेव्हा लिंबं धरली होती, बोराएवढी. पाळी मिळाली नाही तर ती गळणार होती, आणि उन्हाचा जोर पाहता त्यांच्यामागून झाडंही जाणार होती. बाग गेली तर मोठीकडे मिरवायला उरणार होती फक्त जीभ, आणि ती गावानं आधीच पुरेशी ऐकलेली होती.

मोठीची सून त्याच सोसायटीच्या कचेरीत संगणकावर बसायची. उपग्रहाचे आकडे तिच्याकडे यायचे आणि ती त्यांचे रंगीत नकाशे करायची. घरात शिकलेली सून असणं मोठीला आवडायचं, पण ते शिक्षण सुनेनं दाराशी चपला काढतो तसं बाहेर काढून मग घरात यावं, अशी तिची अपेक्षा होती.

सभेच्या आधी सून एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "आई, सभेत दोन नकाशे दाखवणार आहेत. ते एकदा मी तुम्हाला समजावते."

"समजाव. तुझं शिक्षण वाया जायला नको."

"पहिला ओलाव्याचा. उपग्रहाला जमिनीचा वरचा चार बोटं थर कळतो. निळं म्हणजे ओलं, लाल म्हणजे कोरडं."

"हे तर पोरंसुद्धा सांगतील."

"दुसरा नकाशा बाष्पोत्सर्जनाचा."

"शिव्या देऊ नकोस."

"वाफेचा हो, आई. जमिनीतून आणि झाडांच्या पानांतून पाणी वाफ होऊन उडतं ना, त्याचा. आपल्याला घाम आला की अंग गार पडतं, तसंच जिथून जास्त वाफ जाते ती जागा गार पडते. उपग्रहाला ते गार-गरम वरून कळतं. तिथंही रंग निळाच आहे, पण तिथला निळा म्हणजे..."

मोठीनं हातातला चमचा पातेल्याच्या काठावर आपटला. "वाफ म्हणजे वाफसा. तू मला वाफसा शिकवणार? पाणी दिल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी झाली, पाय रुतत नाही आणि कुदळ अडत नाही, की वाफसा आला. तुझा उपग्रह जन्माला यायच्या आधीपासून मी वाफशावर पाय ठेवून सांगत आलेय."

"वाफसा वेगळा, आई. हे म्हणजे..."

"निळं ते निळं. दोन घरी दोन अर्थ व्हायला ते काय माणसाचं बोलणं आहे?"

सून थोडा वेळ कणीक मळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला त्या निलगिरीबद्दल बोलायचं होतं. सभेच्या आधी तिचं काहीतरी..."

"त्या झाडांना हात लावलास तर तुझा हात आणि तुझं लग्न, दोन्हींचा मला विचार करावा लागेल."

"मग निदान एवढं करा. सभेत तुम्ही गप्प बसा. मी बोलते."

"मला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही," मोठी म्हणाली. "आणि यायचाच होता तर मलाच बाळंतपण करावं लागलं असतं."

तिथं शिकवणी संपली.

सोसायटीचं सभागृह म्हणजे पूर्वी खताची पोती ठेवायची खोली. पोती गेली, वास राहिला. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता. सोसायटीचे अध्यक्ष मधल्या खुर्चीवर हनुवटी छातीला टेकवून विचार करत बसले होते, आणि विचार करताना त्यांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती. खोली गच्च भरली होती. आपला रंग कुणालाच बघायचा नव्हता. प्रत्येकजण शेजाऱ्याचा रंग बघायला आला होता.

नकाशे दाखवायला तालुक्याहून एक इस्त्रीतला तरुण साहेब आला होता. गावानं त्याचं नाव विचारलं नाही, उपग्रहवाला म्हटलं की भागत होतं. त्यानं पहिला नकाशा लावला. भिंतभर लाल, कुठं कुठं पिवळा.

मागून एकजण ओरडला, "कोपऱ्यात ते गडद ओलं दिसतंय ते माझं! मी पाणी जपून वापरतो!"

उपग्रहवाल्यानं भिंतीला बोट लावून पाहिलं. "ही भिंतीची ओल आहे, काका. तुमची नाही."

हसण्याचा आवाज निवल्यावर त्यानं या दोघी जावांची चारी मोठी करून दाखवली. दोघींची शेतं लालच होती, मोठीच्या बागेकडे जरा जास्तच. बांधाच्या दोन्ही अंगांना तर भाजल्यासारखी लाल.

"बघा!" मोठी म्हणाली. "ओढलंय की नाही तिनं?"

"माझ्या बाजूला काय निळं दिसतंय तुम्हाला, जाऊबाई?" धाकटी दुसऱ्या भिंतीकडून म्हणाली. दोघी कधी एकमेकींशी बोलत नसत, फक्त एकमेकींकडे तोंड करून लोकांशी बोलत. "ओढून नेलं ते मी प्यायले वाटतं सगळं."

"पिणाऱ्याला कोण धरतंय? ढेकर तर देत नाहीस."

"आता दुसरा नकाशा बघू," उपग्रहवाला घाईघाईनं म्हणाला. "बाष्पोत्सर्जन. म्हणजे वाफ."

वाफ हा शब्द ऐकल्यावर मोठी सावरून बसली. सुनेनं तिच्या बाजूला पाहिलं आणि तीही सावरून बसली, पण वेगळ्या कारणानं.

दुसरा नकाशा उमटला आणि खोलीतून एक मोठा श्वास निघाला. सगळा मुलूख फिका, मळकट पिवळा. आणि चारीच्या टोकाला, दोघींच्या शेतांच्या मधोमध, एक गडद निळा सरळ पट्टा. कुणीतरी शाईत बोट बुडवून ओढल्यासारखा.

उपग्रहवाल्यानं काठी त्या पट्ट्यावर टेकवली. "एवढ्या उन्हाळ्यात, सबंध नकाशात, सगळ्यात जास्त हा पट्टा. आमचा नकाशा मोठ्या चौकोनांचा बनतो, त्यात बांधाची हद्द नीट कळत नाही. पट्टा या शेतातला असेल किंवा त्या शेतातला. पण ज्याचा असेल त्याच्याबद्दल सोसायटीला विचार करावा लागेल." तो खोलीभर बघत म्हणाला, "कुणाचा आहे हा?"

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. कारण धाकटी पाणी चोरते हे मोठीनं इतकी वर्षं इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की, लोकांना ते आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटत होतं. धाकटीचा चेहरा उतरला. तिनं बांधालगत शेंगांचे वेल लावले होते, आणि उपग्रहाला वेलांबद्दल काय वाटतं ते तिला माहीत नव्हतं. मोठीनं त्या क्षणी गप्प राहून खिडकीबाहेर जरी पाहिलं असतं, तरी जादा पाळी तिच्या बागेच्या दारात आपोआप येऊन उभी राहिली असती.

सून खोकली.

पण मोठीला काय दिसत होतं? तिला साऱ्या गावाचा वाफसा गेलेला दिसत होता, आणि एकाच जागी, जिथं तिचा हात लागला होता तिथं, तो गडद निळा टिकलेला दिसत होता. आणि हे श्रेय त्या तोंडचुकव्या धाकटीच्या नावावर लागू पाहत होतं. असा अन्याय मोठीनं उभ्या जन्मात सहन केला नव्हता.

ती उभी राहिली. "माझा!"

"नक्की, आजी?"

"नक्की म्हणजे? एकेक झाड मी माझ्या हातानं लावलंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यातलं पानसुद्धा तिचं नाही."

सून पुन्हा खोकली, या वेळी तळापासून.

"सूनबाई, खोकला झालाय तर बाहेर जाऊन पाणी पी," मोठी म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. "वाफसा असा राखावा लागतो, साहेब! काहीजणींना चोरूनसुद्धा जमत नाही. लिहून घ्या, पट्टा माझा."

उपग्रहवाल्यानं काठी खाली केली. "वाफसा नाही, आजी. वाफ."

"तेच ते."

"तेच ते नाही. वाफसा म्हणजे जमिनीत राहिलेलं पाणी. हे उडून गेलेलं पाणी. जेवढं निळं, तेवढं जास्त गेलं." तो आता चांगलाच अवघडला होता, कारण म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत पाडायची सवय त्याला अजून लागली नव्हती. "म्हणजे, तिथं कसली झाडं आहेत?"

उत्तर मोठीनं दिलं नाही. गावानं दिलं, एका आवाजात. "निलगिरी!"

"मग बरोबर आहे. त्यांची मुळं दोन्हीकडे पसरलेली असणार. दोन्ही शेतांच्या खालचं पाणी ही झाडं पितात आणि पानांतून उडवतात. म्हणून तर पट्ट्याच्या दोन्ही अंगांना एवढं लाल आहे."

खोलीत इतकी शांतता झाली की अध्यक्षांची शिट्टी ऐकू आली.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोकांशी न बोलता थेट मोठीशी बोलली, "चोर सापडला म्हणायचा. बरं झालं, तुम्ही स्वतःच त्याची सगळी ओळख करून दिलीत. आमच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता."

मग जे हसू फुटलं त्यानं अध्यक्ष जागे झाले. जागे झाल्यावर त्यांना पटकन निर्णय द्यायची सवय होती, म्हणजे पुन्हा झोपता यायचं. त्यांनी निर्णय दिला. बाग जास्त वाळली आहे, म्हणून जादा पाळी बागेची. पण सोसायटीचं पाणी निलगिरीच्या घशात ओतता येणार नाही. पाळीच्या आधी ती झाडं निघाली पाहिजेत. नाही निघाली, तर पाणी धाकटीच्या भाज्यांना. शिवाय नियमाप्रमाणे ज्याची पाळी त्याच्याच शेतात पाणी राहिलं पाहिजे. बांधापलीकडे गेलेलं दिसलं, तर त्या शेताची पुढची पाळी बंद.

"झाडं हलणार नाहीत," मोठी म्हणाली आणि निघाली. दारापाशी तिला चप्पल सापडेना. तेवढ्या वेळात गावानं आणखी एकदा हसून घेतलं.

घरी आल्यावर ती काही बोलली नाही. मोठी गप्प बसली की त्या घरातली भांडीसुद्धा जपून वाजत. सुनेला ओरडा खायची तयारी होती. तिनं मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती, पण ती वापरायची वेळच येईना, आणि तयार उत्तर न वापरता पोटात राहिलं की फार जड होतं.

शेवटी तिनंच तोंड उघडलं. "आई, मी त्या दिवशी सांगत होते..."

"सांगत होतीस," मोठी म्हणाली. "नीट सांगत नव्हतीस. माणसाला समजेल असं मोठ्यानं सांगावं. नुसतं खोकून काय कळतं? मला वाटलं तुला दमा लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी कुदळ घेऊन बांधाकडच्या लिंबोण्यांपाशी गेली. तिला उपग्रह खोटा पाडायचा होता. आकाशातल्या डोळ्याला वरची चार बोटं दिसतात ना, मग तिनं खाली खणायला घेतलं. पहिल्याच आळ्यात कुदळ अडली. दोरखंडाएवढं निलगिरीचं मूळ लिंबोणीच्या बुंध्याखालून असं ऐटीत गेलं होतं, जसा जावई सासरच्या घरात. त्याला फुटलेली बारीक मुळं लिंबोणीच्या मुळांना विळखा घालून बसली होती. मोठीनं दुसरं आळं खणलं, तिथंही तेच. मग तिनं इकडं तिकडं बघितलं आणि बांध ओलांडून धाकटीच्या वेलांपाशी एक घाव घातला. तिथंही तेच मूळ. चोर दोन्ही घरी जेवत होता आणि दोन्ही घरं एकमेकांची पातेली तपासत होती.

ती बांधावर बसली. एका लिंबोणीची फांदी तिच्या खांद्याला लागत होती. तिनं फांदी जराशी हलवली तर बोराएवढी तीन-चार लिंबं मांडीत पडली. हात लावल्याबरोबर पडली, झाडाला धरून ठेवायचं बळच नव्हतं. मोठीनं ती मुठीत घेतली. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे तिथं तिनं काय केलं ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर ती सुनेला म्हणाली, "मागच्या पडवीला वासे हवेत."

"कसले वासे?"

"लाकडाचे. वासे काय लोखंडाचे असतात? करवतवाल्याला बोलाव."

"पडवीला तर पत्रा आहे, आई."

"म्हणूनच म्हणतेय. किती दिवस पत्र्याखाली राहायचं?"

सून करवतवाल्याला बोलवायला गेली. जाताना ती हसली, पण फाटकाबाहेर जाऊन हसली. तेवढी ती शहाणी होती.

करवतवाल्याला मोठीनं सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितलं, की घराला वासे हवेत. लोक म्हणाले, हो हो, वासे तर हवेतच. यंत्राची करवत दिवसभर रडत होती. एकेक झाड कलंडत होतं आणि मोठीच्या स्वयंपाकघरात एकेक फाळका उजेड येऊन पडत होता. तिला भांड्यांवरची जुनी काजळी दिसली, सुनेनं न पुसलेला कोपरा दिसला. शेवटचं झाड पडलं, धूळ बसली, आणि खिडकीतून धाकटीचं अंगण दिसलं.

अंगणाच्या बरोबर मधोमध एक आरामखुर्ची होती. शेजारी तिवई, तिवईवर चहाचा कप. आणि आरामखुर्चीत, भर उन्हात डोळ्यांवर हात धरून, धाकटी उभं राहावं की बसावं या विचारात अर्धवट उठलेली.

"अहो जाऊबाई!" ती ओरडली. "हे काय केलंत? माझी सावली!"

मोठी खिडकीत गेली. "तुझी?"

"मग कुणाची? दुपारपासून दिवस मावळेपर्यंत इथं कशी गार झुळूक असायची! माझ्या घरात पंखा नाही घेतला मी, तुमच्या झाडांच्या जीवावर! रोज चहा घेताना म्हणायचे, जाऊबाई बोलतात वाईट, पण सावली काय दाट लावली."

मोठी खिडकीच्या गजांना नाक लावून ती खुर्ची बघत राहिली. तिनं भिंत घातली ती आपल्याला धाकटी दिसू नये म्हणून. आणि इतकी वर्षं तिच्या लिंबोण्यांच्या तोंडचं पाणी काढून ती झाडं धाकटीच्या आरामखुर्चीवर वारा घालत होती! निळ्या पट्ट्याचा सगळा गारवा, सुनेनं सांगितलेला, घामासारखा, तो कुठं पडत होता ते आता कळलं. शेतात तोटा दोघींना, अंगणात फायदा एकीला. उपग्रहाला खुर्ची दिसली नव्हती. ती दिसली असती तर मोठीनं ती झाडं तेव्हाच दातांनी कुरतडली असती.

"मग आता बस उन्हात!" ती म्हणाली, आणि तिला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

हे बरं वाटणं दोन दुपारी टिकलं. तिसऱ्या दुपारी मोठी बागेत गेली तर बांधावर आरामखुर्ची. खुर्चीत धाकटी. डोक्यावर मोठीच्या लिंबोणीची फांदी.

"ऊठ."

"का? बांध अर्धा माझा आहे. मी माझ्या अर्ध्यावर बसलेय. सावली तुमच्याकडून चालत आली, तर तिला मी काय हाकलू?"

"खुर्चीचा एक पाय माझ्या बाजूला आहे."

धाकटीनं वाकून बघितलं. "तेवढ्याचं भाडं सांगा."

मोठी खाली वाकली. गळालेली पानं गोळा करत राहिली. थोड्या वेळानं धाकटीच म्हणाली, "किती गळतात हो लिंबं."

"डोळे आहेत मला."

"पाळी मिळतेय ना, धरतील मग." आणि जरा थांबून, "माझे वेल मात्र जाणार बहुतेक. जाऊ देत. शेंगा कुणाला आवडतात आमच्यात?"

मोठीला आठवलं, त्या शेंगा धाकटीच्या नातवाला आवडतात. पोरगं लहान असताना मोठीच्याच स्वयंपाकघरात बसून कच्च्या खायचं. पण हे तिनं बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवायचं तर विचारावं लागलं असतं की आता ते पोरगं केवढं झालं.

पाळीच्या दिवशी चारीतून पाणी आलं. थोडकंच आलं, पण आलं. मोठी स्वतः फावडं घेऊन उभी राहिली, एकेका आळ्याला पाणी देत, सुनेला हुकूम सोडत. जमीन अशी पीत होती की पाणी पडल्याचा आवाज यायच्या आत ते दिसेनासं व्हायचं. आळ्यामागून आळं भरत पाणी बांधाकडच्या ओळीपर्यंत आलं. आणि तिथं, जिथं निलगिरीचा एक बुंधा खणून काढला होता, तिथं बांधाला एक बीळ पडलेलं होतं. घुशीचं असेल. पाणी त्याच्यापाशी घुटमळलं आणि मग सुळकन पलीकडे उतरलं, सरळ धाकटीच्या वेलांत.

"आई, बांध!" सून ओरडली. "पाणी पलीकडे चाललंय! नियम आहे..."

असलं बीळ टाचेनं दाबून बुजवायला मोठीला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ पुरायचा. हातात फावडंही होतं. तिनं बिळाकडे बघितलं, फावड्याकडे बघितलं.

"पाय भरून आलाय माझा," ती म्हणाली. "जरा बसते."

"मी बुजवते मग."

"तू तिकडचं आळं बघ. फुटलंय ते."

तिकडचं कुठलंही आळं फुटलेलं नव्हतं. सून तिथं जाऊन बराच वेळ न फुटलेलं आळं बघत उभी राहिली. पलीकडे धाकटी वेलांच्या कडेला आली, ओल्या मातीकडे बघितलं, मग बांधावर बसलेल्या मोठीकडे. तिनं तोंड उघडलं होतं, पण मोठीनं असे काही डोळे वटारले की तिनं ते मिटून घेतलं. बीळ बुजलं, पण वेल चांगले भिजल्यावर. मोठीचा पायही तेव्हाच बरा झाला.

लिंबं धरून राहिली. सगळी नाही, पण झाडं वाचली. महिन्यानं पुन्हा सभा भरली, तीच खोली, तोच वास, अध्यक्षांची तीच शिट्टी. उपग्रहवाला खुशीत होता. त्याला दाखवायचं होतं की नकाशामुळे पाणी कसं जिथल्या तिथं पोचलं. त्यानं पाळीनंतरचा ओलाव्याचा नकाशा लावला. लिंबोणीची बाग छान निळसर. निलगिरीचा पट्टा वाफेच्या नकाशातून नाहीसा झालेला. लोकांनी माना डोलावल्या.

मग त्याचीच काठी अडली. "हे काय?"

बागेचा निळा रंग बांधापाशी थांबला नव्हता. त्याचा एक पदर पलीकडे, धाकटीच्या शेतात चांगला आत उतरलेला होता.

"बांध फुटला होता का?" उपग्रहवाल्यानं विचारलं. "की कुणी फोडला? म्हणजे, पाणी मुद्दाम दिलं असेल तर नियमाप्रमाणे बागेची पुढची पाळी..." तो सुनेकडे वळला. "तुम्ही होता ना तिथं?"

"मी," सून म्हणाली, "तिकडचं आळं बघत होते." यात खोटं काहीच नव्हतं.

मग तो मोठीकडे वळला. "आजी, मागच्या वेळी तुम्हीच पट्टा ओळखला होतात. हा निळा भाग कशाचा?"

गाव सरसावून बसलं. मोठी आता काय बोलणार, ते कुणालाही चुकवायचं नव्हतं. दुसऱ्या भिंतीशी धाकटी बसली होती. ती खोकली.

मोठीनं भिंतीवरच्या निळ्याकडे डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. सबंध आयुष्यात जे वाक्य तिनं कुणासमोर उच्चारलं नव्हतं, नवऱ्यासमोर नाही, सासूसमोर नाही, सुनेसमोर तर नाहीच, ते तिच्या जिभेवर आलं. जीभ जड झाली, अडली, पण वाक्य निघालं.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब," ती म्हणाली. "मी अडाणी बाई."

गावाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. उपग्रहवाल्यानं काठीनं भिंत टोकरून बघितली आणि पुटपुटला, "भिंतीची ओल असेल." धाकटीला मात्र खोकल्याची अशी काही उबळ आली की तिला उठून बाहेर जावं लागलं.

"जरा बघून ये गं तिच्याकडे," मोठी सुनेला म्हणाली. "मेली, दम्यानं मरायची. पाणी दे तिला."